सरासरीचा वसंत आणि कुंडीतला वसंत

फेब्रुवारी २०२५ हा १९०१ पासूनच्या नोंदींतील देशाचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला, ही बातमी आपण वाचली असेल. त्याआधी मार्च २०२२ आणि फेब्रुवारी २०२३ या महिन्यांच्या कमाल तापमानाविषयीही असेच मथळे आले होते. अशा बातमीसोबत बहुधा हिमालयातील एखादे छायाचित्र असते. त्यात वेळेआधी फुललेला बुरांश किंवा बदामाचा बहर दिसतो आणि खाली लिहिलेले असते : 'वसंत लवकर आला.' या वाक्याविषयी माझी तक्रार आहे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणामुळे नेमकी हानी नजरेआड होते.

हिमाचलातील एका लहान गावी नोकरीनिमित्त राहायला आल्यापासून अंगणात फुले लावण्याचा छंद जडला. महाराष्ट्रात बागेचे वेळापत्रक पाऊस ठरवतो, इथे ते थंडी ठरवते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ट्यूलिप आणि नर्गिसचे कंद मातीत जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये फुलतात. पावसाळ्याच्या सुमारास हायड्रेंजियाचे गेंद येतात, मग डेलिया. आणि कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी डेलियाचे कंद उकरून कोरड्या जागी ठेवावे लागतात. इथे आल्यावर एक नवा शब्दही शिकलो. आपल्या मराठीत 'पाला' म्हणजे झाडाची पाने. इथला 'पाला' म्हणजे तीच पाने एका रात्रीत करपवणारे दहिवर.

या फुलांना थंडी केवळ सोसत नाही, तर ती हवी असते. ट्यूलिपच्या कंदाला साधारण १२ ते १६ आठवडे सुमारे ९ अंश सेल्सियसच्या खालचे तापमान मिळाले नाही, तर दांडा आखूड राहतो आणि कळी नीट उमलत नाही. मोहरीच्या कुळातील अरेबिडॉप्सिस या वनस्पतीत अशा थंडीच्या गरजेचा एक उलगडा झाला आहे. तिच्यात एफएलसी नावाचे जनुक फुलण्याला रोखून धरते. दीर्घ थंडीत ते हळूहळू निष्क्रिय होते आणि पुढे ऊब आली तरी निष्क्रियच राहते. एकदोन रात्रींच्या गारव्याने वनस्पती फसत नाही, ती थंडीचा हिशेब ठेवते. सगळ्याच वनस्पती याच जनुकाच्या आधारे असा हिशेब ठेवतात असे नाही, पण हिशेब असतो.

हिशेब चुकतो तो थंडीनंतरच्या उबेत. फेब्रुवारीत आठ-दहा दिवस ऊन तापले की कळ्या फुगू लागतात आणि हिवाळ्यात कमावलेली त्यांची शीतसहनशक्ती ओसरते. पुढे पश्चिमी विक्षोभ येतो आणि पाऊस किंवा बर्फ देऊन जातो. मागे राहते निरभ्र आकाश, कोरडी हवा आणि थांबलेला वारा. अशा रात्री जमीन आणि पाने अवरक्त प्रारणाच्या रूपाने आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतात. तिचा काही भाग परत पाठवणारे ढग नसतात, म्हणून पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. जी रात्र जानेवारीत त्या कळीने सहज सोसली असती, तीच मार्चमध्ये तिला मारते. म्हणजे महिन्याची सरासरी वाढूनही दहिवराचे नुकसान वाढू शकते. माझ्या हायड्रेंजियाचे एका वर्षी असेच झाले. त्याची फुले मागच्या वर्षीच्या फांद्यांवरील कळ्यांतून येतात. त्या एका रात्रीत करपल्या, आणि झुडूप वर्षभर हिरवेगार राहिले, पण एकही फूल न देता.

त्या रात्री फोनवर गावाचे किमान तापमान ३ अंश दिसत होते. ते चूक होते असे मी म्हणत नाही. हवामानकेंद्रातील तापमापक झडपांच्या पेटीत, जमिनीपासून सव्वा-दीड मीटर उंचीवर असतो. शांत, निरभ्र रात्री गवताच्या पातळीवरील तापमान त्याहून कित्येक अंशांनी कमी असू शकते, त्यात उताराच्या तळाशी थंड हवा साचते ती वेगळीच. शेजारच्या आजींना हे सूत्राविना ठाऊक होते. आकाश स्वच्छ दिसताच त्यांनी कुंड्या वळचणीखाली ओढल्या आणि वाफ्यांवर गोणपाट टाकले. गोणपाट ऊब देत नाही. ते आकाश आणि पान यांच्यामध्ये उभे राहते, इतकेच. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट माझ्याकडे होती, फुले मात्र त्यांच्याकडे राहिली.

माझे म्हणणे असे. सप्टेंबर २०२४ मध्ये 'मिशन मौसम'साठी २,००० कोटी रुपये मंजूर झाले. रडार आणि संगणक हवेतच, त्यांविषयी वाद नाही. परंतु रडारला ढग दिसतो, कळी दिसत नाही. वसंत सरकला का, किती दिवसांनी, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगायला फुलण्याच्या तारखा लागतात. क्योटोतील चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत. म्हणूनच २०२१ मधील २६ मार्चचा बहर बाराशे वर्षांतील सर्वांत लवकरचा ठरला, असे म्हणता आले. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ मध्ये अशी वही सुरू केली आणि त्याच्या कुटुंबाने ती विसाव्या शतकापर्यंत चालवली. आपल्याकडे 'सीझनवॉच' हा उपक्रम शाळकरी मुलांच्या आणि नागरिकांच्या मदतीने झाडांच्या अशा नोंदी ठेवतो. डोंगरी गावांतील घरच्या बागांमधील ज्ञान मात्र आजही आजींच्या आठवणीतच आहे.

यावर सहकाऱ्यांचा आक्षेप ठरलेला असतो : घरगुती नोंदी विश्वासार्ह नसतात. हा आक्षेप योग्य आहे, पण अर्धाच. यादृच्छिक चुका अनेक बागांच्या सरासरीत विरतात. पद्धतशीर चुका विरत नाहीत. कोणी नवी जात लावतो, कोणी कुंडी उन्हात हलवतो. यावर उपाय शिस्तीचा आहे. झाड तेच, जागा तीच, आणि 'फुलले' याची व्याख्याही तीच, म्हणजे पहिले फूल पूर्ण उमलल्याचा दिवस. सोबत पाला पडल्याची तारीख आणि करपलेल्या कळ्यांची नोंद. जे फुलले नाही तेही लिहायचे, कारण छायाचित्रात न येणारी माहिती तीच.

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी अनुदान लागत नाही की प्रयोगशाळा लागत नाही. शिमल्यात असाल तर पॅन्झी, श्रीनगरात असाल तर नर्गिस, आणि कोकणात असाल तर दारचा आंबा : मोहोर केव्हा आला, केव्हा गळला, लिहून ठेवा. एका वर्षाच्या नोंदीतून काहीच सिद्ध होणार नाही, दहा वर्षांच्या नोंदींतून थोडे कळेल. आजींची नात आता नववीत आहे. या वर्षीपासून आजी सांगतात आणि ती वहीत लिहिते. पहिल्या पानावर तारीख आहे, फुलाचे नाव आहे, आणि शेरा आहे : 'दोन कळ्या जळल्या.'