आधी प्रश्न, मग पाना

अमेरिकेत स्थिरावलेल्या आपल्या पुष्कळ घरांत एखादी तरी जुनी मोटार असते. कधी ती मुलाला कॉलेजात जाण्यासाठी दिलेली असते, तर कधी घरात तीच एक असून कमावत्या माणसाची नोकरी तिच्यावर अवलंबून असते. अशी गाडी सिग्नलपाशी उभी असता थरथरू लागली, अथवा अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही पिकअप घेईनाशी झाली, म्हणजे घरात चिंता उत्पन्न होते. हायवेवर शिरताना गाडीने वेळेवर वेग न घेणे ही केवळ गैरसोय नव्हे. तो जिवाशी खेळ आहे. मग कोणी सांगतो, 'प्लग बदला'. कोणी म्हणतो, 'सेन्सर गेला'. एकामागून एक भाग विकत घेतले जातात, पैसा खर्ची पडतो आणि गाडी थरथरतच राहते. सबब निदान कोणत्या क्रमाने करावे, ह्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींस मुंबईची पद्मिनी आठवत असेल. तिला कार्ब्युरेटर होता. इंजिन नीट चालेना, तर मेकॅनिक बॉनेट उघडून एक स्क्रू किंचित फिरवी आणि आवाजावरून अंदाज घेई. त्या गाडीची अखेरची टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आज अमेरिकेत आपण जिला जुनी म्हणतो, त्या गाडीत पेट्रोल किती सोडावयाचे हे बहुधा संगणक ठरवितो. तेथे तो स्क्रू शोधणे व्यर्थ होय. इंजिनाच्या गरजा मात्र बदललेल्या नाहीत. हवा, पेट्रोल, ठिणगी आणि सिलिंडरातील दाब, ह्या चारांपैकी एक जरी उणे पडले तरी इंजिन तक्रार करते.

तेव्हा पहिला प्रश्न असा विचारावा: गाडी त्रास देते ती नेमकी केव्हा?

केवळ उभी असतानाच थरथरत असेल आणि वेग घेतल्यावर सुरळीत चालत असेल, तर संशय प्रथम हवेच्या गळतीवर घ्यावा. शुद्ध पेट्रोलच्या संपूर्ण ज्वलनास वजनाने सुमारे १४.७ भाग हवेस एक भाग पेट्रोल लागते. आयडलिंगच्या वेळी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असून इंजिनात हवा थोडीच जाते. अशा वेळी एखाद्या तडकलेल्या रबरी नळीतून सेन्सरने न मोजलेली हवा आत शिरली, तर ते प्रमाण पार बिघडते. वेगात हवेचा ओघच मोठा असल्याने तीच गळती जाणवत नाही. थ्रॉटलच्या झडपेवर साचलेला कार्बन हेही अशा थरथरीचे नेहमीचे कारण होय.

ह्याउलट उभी असताना शांत असलेली गाडी चढावर किंवा वेग घेताना दम टाकत असेल, तर पेट्रोल पुरेसे पोहोचत नसावे किंवा धूर बाहेर पडण्यास वाट नसावी. फिल्टर तुंबणे, पंप अशक्त होणे, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कोंडणे, ही त्याची कारणे होत. दोन्ही वेळी त्रास होत असेल, तर प्लग, कॉइल आणि हवा मोजणारा सेन्सर प्रथम तपासावे.

दुसरा प्रश्न गाडीच्या संगणकास विचारावा. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींत ओबीडी-२ ही यंत्रणा सक्तीची आहे. तिचा सॉकेट चालकाच्या बाजूस डॅशबोर्डखाली असतो, आणि सुटे भाग विकणारी अनेक दुकाने त्यातील कोड विनामूल्य वाचून देतात. परंतु कोड म्हणजे निकाल नव्हे. ती केवळ साक्ष आहे. 'पी ०१७१' इतकेच सांगतो की मिश्रणात पेट्रोल कमी पडत आहे; ते का पडते, हे तो सांगत नाही. 'पी ०३०१' म्हणजे पहिल्या सिलिंडरात मिसिंग आहे. ते प्लगमुळे, कॉइलमुळे की इंजेक्टरमुळे, हे शोधणे शिल्लकच राहते. कॉइल काढून दुसऱ्या सिलिंडरावर बसविली आणि कोडही तिच्यामागे गेला, तर चोर सापडला.

इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकू लागला, तर मात्र गाडी तशीच दामटू नये. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरात जाऊन तो अतिशय तापतो, आणि अल्प खर्चाचे काम फार मोठ्या खर्चावर जाते.

तिसरे काम डोळ्यांचे. एअर फिल्टर पाहावा, नळ्या हाताने चाचपाव्या, फुसफुस ऐकू येते का ते पाहावे. थ्रॉटल त्याच्याच क्लीनरने, इंजिन बंद व थंड असताना, मऊ कापडाने पुसावा. विजेवर चालणारी झडप बोटाने ढकलू नये. साफसफाईनंतर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे आयडलिंग पुन्हा जुळवून घ्यावे. हिवाळ्यात बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून ही तपासणी कदापि करू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलच्या नळ्यांत इंजिन बंद झाल्यावरही दाब राहतो, म्हणून ते काम मेकॅनिकवर सोपवावे. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर आपोआप मागे येत नसेल, तर तो दुरुस्त होईपर्यंत गाडी बाहेर काढू नये.

इतके करून दोष सापडला नाही, तर दुकानात जावे. पण 'अमुक भाग बदला' असे सांगत जाऊ नये. गाडी थंड असताना त्रास देते की तापल्यावर, उभी असताना की वेगात, आणि केव्हापासून, हे कागदावर लिहून द्यावे. पार्ट बदलण्यापूर्वी धुराने गळती शोधण्याची, पेट्रोलच्या दाबाची व सिलिंडरच्या दाबाची चाचणी झाली का, ते विचारावे. कॅलिफोर्नियात काम सुरू करण्यापूर्वी लेखी अंदाजपत्रक देणे दुकानास बंधनकारक आहे. न्यू यॉर्क राज्यात ग्राहकाने मागितल्यास ते द्यावे लागते. काढलेले जुने भागही, काही अपवाद वगळता, आधी मागणी केल्यास परत मिळतात. आपली बोली येथील बोलीहून निराळी पडते म्हणून हे मागण्यास कोणी संकोच करू नये.

वर्गात गोंगाट झाला म्हणजे समोर दिसेल त्या मुलास शिक्षा करणारा शिक्षक शांतता मिळवीत नाही. कोण, केव्हा, कशामुळे, हे आधी विचारावे लागते. जुन्या मोटारीच्या बाबतीतही हाच नियम पाळावा. प्रश्न विचारण्यास काही खर्च येत नाही, पार्टला येतो.