सांबारात डाळ किती असते?

चेन्नईच्या शोळिंगनल्लूरला नोकरीसाठी आलेल्या मराठी पोरापोरींनो, प्रोटीन पावडरचा डबा मागवण्याआधी पीजीतल्या ताटात काय असतं ते बघा. भाताचा डोंगर, त्यावर पातळ सांबार, मग रसम, शेवटी ताक. पोट तुडुंब भरतं, डाळ मात्र चार चमचेच जाते. घरी घट्ट वरण, उसळ, पिठलं आलटून पालटून व्हायचं, तेव्हा प्रथिनांचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं. आता थोडा ठेवावा लागेल.

हिशोब सोपा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये निरोगी प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं सांगितली. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात, पेलाभर दुधात सहा-सात. भात-पोळीतूनही बरीच येतात, पण त्यांत लायसिन कमी असतं. ती उणीव डाळ भरून काढते, म्हणून वरण-भाताची जोडी पक्की. फक्त वरण वरणासारखं हवं!

त्यासाठी वेगळा स्वयंपाक मांडायची गरज नाही. मेसमध्ये कूटू असेल तर दुसऱ्यांदा मागून घ्या. त्यात मूग किंवा हरभऱ्याची डाळ असते. साध्या डोशाऐवजी अडै मागवा. तांदळाबरोबर तीन-चार डाळी वाटून केलेला हा जाड डोसा आपल्या धिरड्याचा सख्खा भाऊच. संध्याकाळी भजी-बोंड्याऐवजी सुंडल खा. पन्नास ग्रॅम कोरड्या हरभऱ्यांच्या सुंडलात साधारण दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, तीही डब्याच्या मानाने मातीमोल भावात. मासे खाणाऱ्यांची तर चैनच आहे. समुद्र जवळ, आणि इथली मत्ती म्हणजे आपली तारली, स्वस्त आणि सकस.

आणि हे सगळं रात्रीच्या एकाच जेवणात कोंबू नका, दिवसभरात वाटून घ्या.

जिमवाला डबा गळ्यात मारेल. त्याच संस्थेने २०२४ च्या सूचनांत शरीर कमावण्यासाठी असली पूरकं टाळा, असं स्पष्ट म्हटलंय. मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर मात्र वरचा कुठलाच आकडा धरू नका. तुमचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्या.