पारिया घार गेली, ब्राह्मणी घार राहिली

गेल्या हिवाळ्यात विद्यापीठातल्या पक्षीनिरीक्षकांच्या गटासोबत पहिल्यांदाच तळ्यावर गेले होते. गटातल्या एका सीनियरनं दुर्बीण हातात दिली आणि म्हणाला, "ती बघ, विटकरी अंग, पांढरं डोकं, ती ब्राह्मणी घार. आणि कचऱ्याच्या ढिगावर घिरट्या घालतेय ती काळपट, ती साधी घार. जुन्या पुस्तकांत तिला पारिया घार म्हणायचे." त्याच्या बोलण्यात खोडसाळपणा नव्हता. दहा-बारा जण होतो, कुणी अडखळलं नाही. मलाही तिथं काही बोलता आलं नाही. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातसुद्धा अशा गटांत आपण पाहुणेच असतो.

माझी आजी घारीला नुसतं घार म्हणायची. तिच्या लहानपणी महारवाड्यात चान्या वाळत घातल्या की पोरांच्या हातात काठी देऊन त्यांना राखणीला बसवत, कारण घार झडप घालून चानी पळवायची. तोंडचा घास पळवणारी, एवढीच तिची ओळख. घारीची जात कोणती, हा प्रश्न आजीला कधी पडला नाही. तो साहेबांना पडला. आणि साहेबांना असल्या गोष्टी समजावून सांगणारे कोण होते, हे या पोर्टलच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

विष्णूच्या गरुडाशी नातं जोडलेली, देखणी, ती ब्राह्मणी. गावाची घाण उचलणारी ती पारिया. सालिम अलींचं 'बुक ऑफ इंडियन बर्ड्स' 1941 साली आलं, त्यातही ती 'कॉमन पारिया काइट'च आहे. गंमत अशी की ब्राह्मणी घारही बंदरांवर मेलेली मासळी उचलते, उष्टं-खरकटं खाते. पण पक्ष्यांतही कुणी काय खाल्लं यापेक्षा कोण खातंय यालाच महत्त्व!

पारिया हा शब्द तमिळ परैयर समाजाच्या नावावरून आला, आणि ते नाव 'परै' या वाद्यावरून. एका जित्याजागत्या समाजाचं नाव इंग्रजीत जाऊन जगभर 'बहिष्कृत' या अर्थाची शिवी झालं. एमएला समाजशास्त्राच्या वर्गात मी हा शब्द मॅक्स वेबरमध्ये वाचला. तो ज्यूंसाठी 'पारिया लोक' अशी संज्ञा वापरतो. वर्गात चर्चा ज्यूंवर झाली, परैयरांवर एक वाक्यही नाही. तिकडे मद्रास प्रांतात या नावावर केवढं रण पेटलं होतं! आयोथी दास पंडितांनी ते नाव नाकारलं आणि आम्ही जातीविना असलेले मूळचे द्रविड आहोत, असं मांडलं. रेट्टमलै श्रीनिवासन यांनी उलट वाट धरली, 1893 साली पत्रच काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'परैयन'. पुढं 1922 मध्ये एम. सी. राजा यांच्या प्रयत्नांनी मद्रास कायदेमंडळात 'आदि-द्रविड' हे नाव मान्य झालं. माणसं आपल्या नावासाठी असं झगडत होती आणि पुस्तकांतली घार मात्र पारियाच राहिली.

आता बहुतेक याद्यांमध्ये ती 'ब्लॅक काइट' आहे. पारिया शब्द हळूच गळून पडला. का गळला, कुणी गाळला, एका ओळीची टीपसुद्धा नाही. आणि ब्राह्मणी घार, ब्राह्मणी मैना, ब्राह्मणी बदक जिथल्या तिथं आहेत. (मैनेला मराठीत 'भांगपाडी' हे किती नेमकं नाव आहे, तरी आमच्या गटात ब्राह्मणी मैनाच चालते.)

हा विषय काढला की ठरलेलं उत्तर मिळतं: ही बोलीतली नावं झाली, शास्त्रीय नावं तटस्थ असतात. तर ते शास्त्रीय नावच बघू. नवीन जात वर्णन करायची म्हणजे नमुना गोळा करायचा, तो संग्रहालयात ठेवायचा, वर्णन छापायचं आणि नाव द्यायचं. कंपनीच्या फौजेतल्या कर्नल साइक्सनं 1832 मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली आणि आपल्या घारीला 'मिल्व्हस गोविंदा' म्हटलं. पुढं फेरतपासणीत ती स्वतंत्र जात नसून उपजात ठरली, म्हणून आज ती 'मिल्व्हस मायग्रन्स गोविंदा, साइक्स, 1832'. वर्णन करणाऱ्याचं आडनाव आणि साल नावाला कायमचं चिकटतं. पक्षी कुणी पकडला, कुणी सोलला, त्यात पेंढा कुणी भरला, याला त्या नावात जागा नाही.

आता वाळा साप घ्या. कुंड्यांच्या मातीतून जगभर पोचलेला गांडुळाएवढा आंधळा साप. 1803 साली दोदँ या फ्रेंच अभ्यासकानं त्याला 'एरिक्स ब्रामिनस' म्हटलं. नंतर तो टिफ्लॉप्स झाला, मग राम्फोटिफ्लॉप्स, 2014 पासून इंडोटिफ्लॉप्स. प्रजातीचं नाव इतक्या वेळा बदललं, कुणाचं काही बिघडलं नाही. 'ब्रामिनस' मात्र 1803 पासून जागचं हललेलं नाही, कारण नियमच तसा आहे: जातीचं सर्वांत जुनं वैध नाव टिकतं. (प्राण्यांच्या वर्गीकरणात स्पीशीजला आपण मराठीत 'जात'च म्हणतो, याचंही मला दर वेळी हसू येतं.)

म्हणजे नावं बदलतात. प्रश्न फक्त कुणाच्या गैरसोयीसाठी बदलतात, एवढाच आहे. आपली बाभूळ घ्या. अकेशिया या प्रजातीचा नमुनादाखल ठरवलेला प्रकार म्हणजे ही बाभूळच होती. प्रजाती फुटली तेव्हा नियमानं अकेशिया हे नाव बाभळीकडे राहायला हवं होतं. पण ऑस्ट्रेलियात या गटातल्या सुमारे हजार जाती, त्या सगळ्यांची नावं बदलावी लागली असती. म्हणून 2005 च्या व्हिएन्ना काँग्रेसमध्ये अग्रहक्काचा नियम बाजूला ठेवून अकेशिया ऑस्ट्रेलियाला दिलं गेलं. आफ्रिकेतून विरोध झाला, 2011 ला मेलबर्नमध्ये निर्णय कायम राहिला. आपली बाभूळ आता 'व्हॅचेलिया निलोटिका'. व्हॅचेल कोण? ईस्ट इंडिया कंपनीचा मकाऊमधला पाद्री. आमच्या बांधावरच्या झाडाला त्याचं नाव लागलं, तेव्हा 'गोंधळ होईल' असं कुणी म्हणालं नाही.

गोंधळ होतो तो अपमानाचा मुद्दा काढला की. 2024 च्या जुलैमध्ये माद्रिदला वनस्पतिशास्त्रज्ञांनी मतदान घेतलं. पांगाऱ्याचा आफ्रिकी भाऊबंद 'एरिथ्रिना काफ्रा', आणि अशी आणखी 200 हून जास्त नावं. काफिर ही दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांना दिली जाणारी शिवी, आज ती उच्चारली तर कोर्टाची पायरी चढावी लागते. दक्षिण आफ्रिकेतल्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनीच हा प्रस्ताव मांडला होता. 351 विरुद्ध 205 मतांनी ठरलं की सुरुवातीचा 'क' गाळायचा: काफ्राचं आफ्रा. एक अक्षर! तरी 205 जण विरोधात. प्राण्यांची नावं सांभाळणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानं तर 2023 मध्ये सांगूनच टाकलं की नैतिक कारणांवरून नावं बदलणं आमचं काम नाही, स्थैर्य महत्त्वाचं. त्यामुळे स्लोव्हेनियातल्या गुहेतला एक भुंगेरा 1937 पासून आजवर हिटलरचं नाव वागवतो आहे.

स्थैर्य हा शब्द मराठवाड्यातल्या माणसाला नवा नाही. 1978 ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हाही पदव्यांचं काय, कागदपत्रांचं काय, अस्मितेचं काय, हेच विचारलं जात होतं. घरं जळली, माणसं मेली, आणि 1994 ला नामविस्तारावर भागवलं. नाव म्हणजे नुसती खूणचिठ्ठी, तिला अर्थ नसतो, असं जे म्हणतात त्यांना मी एवढंच विचारते: मग बदलायला इतका त्रास का?

पण नुसतं बदलून काय साधतं, हा प्रश्न मलाही छळतो. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं काढायचं ठरवलं. त्यात महारवाडा, मांगवाडा होता, तसा ब्राह्मणवाडाही होता. निदान कागदावर तरी दोन्ही टोकं धरली. पक्ष्यांच्या यादीत एकच टोक सोडलं. पारिया शब्द लाजेपोटी गेला, ब्राह्मणी शब्दाची लाज कुणाला वाटलीच नाही. अपमानाचा शब्द मुकाट पुसायचा आणि मानाचा शब्द ठेवायचा, याला मी सुधारणा म्हणत नाही. पुरावा नष्ट करणं म्हणते.

आणि नाव देणाऱ्याची जागा? अरुणाचलच्या ईगलनेस्टमधल्या एका पक्ष्याचं वर्णन रमणा आत्रेय यांनी 2006 मध्ये केलं आणि त्याला 'लिओसिक्ला बुगुनोरम' म्हटलं, म्हणजे बुगुन लोकांची लिओसिक्ला. संख्या फार कमी म्हणून पक्षी मारला नाही, पिसांवर आणि छायाचित्रांवर वर्णन केलं. मला हे उदाहरण मनापासून आवडतं. तरी नावात समाज आला की काम संपतं, असं नाही. वर्णन करायला संग्रहालयाचं दार उघडं लागतं, इंग्रजी लागतं, जुने शोधनिबंध लागतात, आणि पगाराविना फिरण्याची सवड लागते. जंगलात वाट दाखवणाऱ्याची मुलगी त्या टेबलापर्यंत कशी पोचेल, यावर याद्यांमध्ये टीप नसते.

आमच्या गटाची छापील यादी आहे. मी लेखी दुरुस्ती दिली: ब्राह्मणी घारीला विटकरी घार म्हणा, मैनेला भांगपाडी, आणि साध्या घारीपुढे तिचं जुनं नाव, ते कुठून आलं आणि का सोडलं, हे दोन ओळींत छापा. उत्तर आलं, ब्राह्मणी हे रंगावरून आहे, जातीवरून नाही. मी विचारलं, मग पारिया कोणता रंग? त्यावर अजून उत्तर नाही. यादीची पुढची आवृत्ती जूनमध्ये निघायची आहे. रविवारी तळ्यावर जाणं मी सोडलेलं नाही.