मेंदूचे माप कोणत्या पायलीने?

मागच्या महिन्यात केज तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी दोन मुलांसह माझ्या दवाखान्यात आले. वय ७१. हातात एम.आर.आय.चे भलेमोठे पाकीट. चक्कर आली म्हणून शहरात तपासणी झाली होती. चक्कर कानामुळे होती, ती गोळ्यांनी थांबलीही. पण अहवालात एक इंग्रजी ओळ होती. तिचा अर्थ, वयानुसार मेंदूची झीज दिसते. कुणीतरी घरच्यांना तो अर्थ 'मेंदू सुकत चाललाय' असा सांगितला. झाले! थोरल्याने बँकेचे पासबुक ताब्यात घेतले, धाकट्याने कपाटाच्या किल्ल्या घेतल्या. गुरुजी मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पस्तीस वर्षं पोरं शिकवली. आता घरात माझ्या शब्दाला किंमत राहिली नाही. मी खरंच कामातून गेलो का हो?"

मी त्यांना वार, तारीख विचारली. शंभरातून सात-सात वजा करायला लावले. चार शब्द सांगून पाच मिनिटांनी पुन्हा विचारले. गुरुजी कुठेच अडखळले नाहीत. उसाच्या बिलाचा हिशेब तर मुलांपेक्षा त्यांनाच नीट ठाऊक होता. थोरला म्हणाला, "मग रिपोर्ट खोटा म्हणायचा का?"

वाचकहो, रिपोर्ट खोटा नव्हता. तो वाचण्याची रीत चुकली होती. 'वयानुसार' हा शब्द घरच्यांनी गाळला आणि 'झीज' तेवढी धरून ठेवली. केस पिकतात, गुडघे झिजतात, तसाच चाळिशीनंतर प्रत्येकाचा मेंदू दरवर्षी किंचित आकसतो. साठीनंतर हा वेग थोडा वाढतो. हा रोग नव्हे, वय आहे.

पण थोरल्याच्या प्रश्नात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. अमुक वयाला मेंदू इतका असावा, हे ठरवले कोणी? आणि कोणाचे मेंदू मोजून?

एम.आर.आय.मध्ये क्ष-किरण नसतात. मोठ्या चुंबकात माणसाला झोपवतात आणि शरीरातील पाण्यातल्या हायड्रोजनकडून येणाऱ्या लहरींवरून चित्र तयार होते. आपल्याकडील नेहमीच्या अहवालात मेंदूच्या आकाराचा अंदाज डॉक्टर बहुधा नजरेनेच घेतात. संशोधनात मात्र संगणक मेंदूचा एकेक भाग घन सेंटिमीटरमध्ये मोजतो. नजर असो वा संगणक, तुलनेला निरोगी माणसांच्या मेंदूचे माप लागतेच. जुन्या काळी गावागावांची पायली वेगळी असे. एका गावच्या पायलीने दुसऱ्या गावचे धान्य मोजले की भांडण ठरलेले. मेंदूचेही तसेच आहे.

ही पायली आली कुठून ते पाहा. १९८८ साली तालैराक आणि तूर्नू यांनी मेंदूचा जो नकाशा प्रसिद्ध केला, तो जगभर वापरला गेला. तो साठ वर्षांच्या एका फ्रेंच स्त्रीच्या मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूवर आधारलेला होता. पुढे कॅनडातील मॉन्ट्रियलच्या संस्थेने १५२ निरोगी तरुणांच्या चित्रांवरून सरासरी मेंदू तयार केला. २०२२ साली तर १,०१,४५७ माणसांची १,२३,९८४ चित्रे एकत्र करून, जन्माआधीपासून शंभरीपर्यंत मेंदू कसा वाढतो आणि उतरतो, याचे तक्ते झाले. अंगणवाडीत बाळाच्या वजनाचा तक्ता असतो, तसेच हे तक्ते. काम थोर आहे. पण त्यातही युरोप-अमेरिकेतील माणसांचा भरणा जास्त आहे, हे त्या शास्त्रज्ञांनीच मान्य केले आहे.

बाळांच्या तक्त्यांची गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली ते नव्याने केले, तेव्हा सहा देशांतील बालके मोजली. त्यांत भारतही होता. मेंदूच्या बाबतीत आपण अजून त्या पंगतीत नीट बसलेलो नाही.

सुरुवात झाली आहे, हेही खरे. २०१९ साली हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेने तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेच्या साहाय्याने शंभर निरोगी भारतीयांच्या मेंदूचा नकाशा तयार केला. पन्नास पुरुष, पन्नास स्त्रिया, वय २१ ते ३०. पाश्चात्त्य, चिनी आणि कोरियन नकाशांच्या तुलनेत आपला मेंदू रुंदी, उंची आणि आकारमान या सर्वांत सरासरीने लहान भरला. अर्थात परक्या पायलीने मोजल्यास आपला धडधाकट मेंदूही 'आकसलेला' दिसू शकतो. मुख्य निष्कर्ष हाच होता. पण बातम्यांत मथळे झळकले, 'भारतीयांचा मेंदू लहान!' आणि चहाच्या टपरीवर अकलेची चर्चा सुरू झाली.

लहान मेंदू म्हणजे कमी अक्कल, हा समज जुना आहे आणि तो घातकही ठरला आहे. आईन्स्टाईन १९५५ साली गेले, तेव्हा त्यांचा मेंदू १,२३० ग्रॅम भरला. सर्वसाधारण माणसाचा १,२०० ते १,४०० ग्रॅम असतो.

या बाबतीत एका मराठी बाईचे आपल्यावर मोठे ऋण आहे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून इरावती कर्वे आपल्याला माहीत आहेत. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला डॉक्टरेटसाठी गेल्या होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे म्हणणे असे की, गोऱ्या युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजूंत फरक अधिक असतो आणि म्हणून ते अधिक तर्कशुद्ध असतात. इरावतीबाईंनी सुमारे दीडशे कवट्या मोजल्या आणि वंशाचा त्या फरकाशी संबंध नाही, असे स्वच्छ लिहून दिले. परक्या देशात, आपल्याच मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध! मोजमाप करावे तर असे. आधी मोजावे, मग बोलावे.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, आपल्या माणसांची पायली आपण तयार केली पाहिजे. हैदराबादच्या नकाशात तिशीच्या पुढचे कोणी नाही. म्हणजे आमच्या गुरुजींना तो नकाशाही उपयोगाचा नाही. साठीची, सत्तरीची निरोगी माणसे मोजायला हवीत. शाळेची पायरी न चढलेली आजी मोजायला हवी. दरवर्षी बीड जिल्ह्यातून लाखोंच्या संख्येने ऊसतोडीला जाणारी माणसेही मोजायला हवीत. बालपणीचे कुपोषण, रक्तदाब, उन्हातान्हातले कष्ट यांचा वयाबरोबर मेंदूवर काय परिणाम होतो, हे मॉन्ट्रियलच्या तरुणांवरून कसे कळणार? आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठ्या संस्थांनी अशा महाविद्यालयांना हाताशी धरून हे काम करावे.

असे संशोधन आपल्या दारी आले, तर वाचकांनी भिऊ नये. मात्र चार गोष्टी ठणकावून विचाराव्यात. संमतिपत्र मराठीत आहे का? तपासणीचा खर्च कोण करणार? नाव गुप्त राहील ना? आणि तपासणीत अचानक काही दोष आढळला, तर पुढचा सल्ला कोण देणार? समाधानकारक उत्तरे मिळाली तरच सही करावी.

याचा अर्थ उद्या उठून प्रत्येकाने हौसेने मेंदूचे चित्र काढावे असा नाही. काही त्रास नसताना स्वतःच्या खर्चाने एम.आर.आय. करणे म्हणजे पदरचे पैसे देऊन काळजी विकत घेणे. उलट अचानक असह्य डोकेदुखी, फिट येणे, हातापायातली शक्ती जाणे, बोलणे अडखळणे असे झाले, तर एक तासही दवडू नये. आणि विसराळूपणा वाढत असेल तर आधी बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉईड, कानाने कमी ऐकू येणे, मनाची उदासी या गोष्टी तपासून घ्याव्यात. म्हातारा माणूस पडल्यानंतर काही आठवड्यांनी भ्रमिष्टासारखा वागू लागला, तर डोक्यात रक्त साकळले असण्याची शक्यता असते. यांतील बरेचसे उपचाराने सुधारते.

घरातले वडीलधारे माणूस चित्रावरून नव्हे, वागण्यावरून ओळखावे. हिशेब चुकतो का, वाट चुकते का, रोजचे काम जमते का, हे पाहावे. ते ठीक असेल तर अहवालातल्या एका ओळीपायी त्याचा मान काढून घेऊ नये. रिकामे बसवलेले माणूस खचते, ते वेगळेच.

मी हे सारे गुरुजींच्या मुलांना समजावून सांगितले. थोरल्याने मान खाली घातली, खिशातून पासबुक काढले आणि वडिलांच्या हातात दिले. गुरुजींनी ते उघडून शेवटची नोंद पाहिली आणि म्हणाले, "व्याजाची नोंद राहिलीय. उद्या बँकेत जाऊन करून आणतो."