कोणाचा विदर्भ, कोणाचे नाटक?

स्वतंत्र विदर्भासाठी घसा कोरडा करणाऱ्या नागपूरकरांना मला विचारायचे आहे: वडशाला नाटक पाहायला तुम्ही कधी गेलात? रात्रीचे नाटक पाहून सकाळी घरी परतता येईल एवढ्याच अंतरावर ते गाव आहे. धान घरात आले, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा भरू लागल्या, की तिथल्या नाट्यमंडळ्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत गावोगावी निघतात. होळीपर्यंत त्यांना उसंत नसते. रात्री उशिरा पडदा उघडतो तो पहाटेच पडतो. शेतमजूर, लहान शेतकरी, कुशीत लेकरू घेतलेल्या बाया तिकीट काढून, थंडीत बसून नाटक पाहतात. नाटकाला प्रेक्षक उरला नाही, असे आपण शहरात म्हणतो तेव्हा हा प्रेक्षक आपण मोजलेलाच नसतो.

तो का मोजला नाही? तो आपल्या जातीचा, आपल्या पेठेचा नाही म्हणून. मराठी नाटक ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांपासून सुरू झाले, हे आपण मुलांना पाठ करायला लावतो. झाडीतली दंडार, खडी गंमत यांना मात्र 'लोककला' म्हणून बाजूला बसवतो. परशुराम खुणे यांनी गुरनोलीसारख्या गावातून येऊन आयुष्यभर झाडीपट्टीत भूमिका केल्या. २०२३ साली दिल्लीने त्यांना पद्मश्री दिली, त्याआधी नागपूरच्या किती सुशिक्षित घरांत त्यांचे नाव घेतले गेले होते?

आपल्या बोलीचीही आपण हीच गत केली. घरात 'काय करून राहिला?' म्हणायचे आणि पोरगा पुण्याला निघाला की तेच बोलणे त्याच्या तोंडातून पुसून टाकायचे! रंगमंचावर ही बोली गड्याने बोलायची, विदूषकाने बोलायची. डॉक्टर, वकील, प्रियकर यांनी नाही. तिला हसणाऱ्यांत आपणच पुढे असतो. विदर्भातल्याच पारव्यात जन्मलेल्या महेश एलकुंचवारांनी 'वाडा चिरेबंदी'मध्ये इथल्या देशमुखी घराची पडझड मांडली, १९८५ साली ते नाटक मुंबईच्या रंगमंचावर गाजले. थोर शोकांतिका पेलण्याचे बळ या मातीत आहे, हे त्या नाटकाने दाखवले. आपण त्याचा अभिमान मिरवला, पण पुढे काय केले?

आपले ते कमी दर्जाचे, हा न्यूनगंड काही आपल्यालाच नाही. ऑस्ट्रेलियातल्या लोकांनाही एकेकाळी लंडनहून आलेले नाटकच खरे वाटे. १९५० साली ए. ए. फिलिप्स या समीक्षकाने या न्यूनगंडावर नेमके बोट ठेवले. १९५५ साली मेलबर्नमध्ये रे लॉलर यांचे 'समर ऑफ द सेव्हन्टीन्थ डॉल' उभे राहिले. क्वीन्सलंडचे ऊसतोड मजूर आणि दारूच्या गुत्त्यावर काम करणाऱ्या बायका आपल्याच भाषेत बोलू लागल्या आणि एका देशाला स्वतःचा आवाज ऐकू आला. पण त्या आवाजात तिथल्या मूळ रहिवाशांचा आवाज नव्हता. त्यासाठी पुढे जॅक डेव्हिस यांच्यासारख्या आदिवासी नाटककाराला लेखणी उचलावी लागली.

हा दोष आपल्याही पदरात आहे. ज्या नागपुरात किसन फागू बनसोडे दलितांच्या जागृतीसाठी झिजले, ज्या नागपुरात १९५६ साली लाखोंनी धम्मदीक्षा घेतली, त्या शहराच्या 'वैदर्भीय अस्मितेत' आंबेडकरी जलसा कुठे आहे? २०१९ साली इथेच भरलेल्या ९९ व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्षपद 'घोटभर पाणी' लिहिणाऱ्या प्रेमानंद गज्वींना मिळाले. मांडव उतरल्यावर तुमच्या वस्तीतल्या हौशी मंडळाने त्यांची नाटके किती वेळा केली? गोंड, माडिया घरातली मुलगी नागपूरच्या नाटकात नायिका म्हणून तुम्ही शेवटची कधी पाहिली? राज्य वेगळे मागताना यांची डोकी मोजायची आणि रंगमंचावर यांना जागा द्यायची नाही, हा अन्याय आहे. तो मुंबई-पुण्याने केलेला नाही, तो आपण केला आहे.

झाडीपट्टीत सारे निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. गल्ला भरावा म्हणून मध्येच घुसवलेली हिडीस नाचगाणी तिथे आहेत. नाटकात काम करणाऱ्या बाईला रात्री टाळ्या मिळतात आणि दिवसा तिच्याच चारित्र्याची कुजबुज होते, हे पाप तिथल्या गावांचे आहे. आणि सर्वांत जास्त डाचते ते हे, की तिथेही अनेकदा नायक पुस्तकी मराठी बोलतो आणि झाडीबोली हसवणाऱ्या पात्राच्या वाट्याला येते. रात्रभर थंडीत बसलेला तो धानउत्पादक शेतकरी आपल्याच तोंडच्या शब्दांवर हसतो. आपण शहरातल्या शिकलेल्यांनी त्याला ते हसणे शिकवले.