गार्मू घराण्याचे मौन

यहुदी धर्मपंडितांच्या भाष्यांचा विषय निघाला की आपल्यातील सुशिक्षित माणूस किंचित हसतो. यरुशलेमचे जे मंदिर रोमनांनी इ. स. ७० मध्ये जाळले, त्यातील भाकरी किती लांब नि किती रुंद होती यावर पुढे शतकानुशतके खल करणाऱ्यांना दुसरा उद्योग नव्हता काय, असा त्या हास्याचा अर्थ. अग्नीचा पुरोडाश आठ कपालांवरच का, याचा ऊहापोह आपल्या मीमांसकांनी केला तर ती शास्त्रनिष्ठा. रब्बींनी तेच केले की तो शब्दांचा कीस! हा न्याय मला मान्य नाही.

मूळ आज्ञा लेवीय ग्रंथाच्या २४व्या अध्यायात अवघ्या पाच वचनांची आहे. बारा भाकरी, प्रत्येकीला दोन दशांश एफा सपीठ, सहा-सहांच्या दोन रांगा, त्यांवर धूप. दर शब्बाथला नवी मांडणी, आणि उतरवलेली भाकर याजकांनी पवित्र जागी खावी. मराठी बायबलात हिलाच ‘समक्षतेची भाकर’ म्हटले आहे. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत ‘मेनाखोत’ नावाचे प्रकरण आहे. त्यात या पाच वचनांचा केवढा विस्तार झाला! भाकर एकेक मळावी, भाजावी मात्र दोन-दोन. शुक्रवारी भाजलेली नवव्या दिवशी खाल्ली जाई. सण आडवा आला तर दहाव्या, फार तर अकराव्या दिवशी.

पालटण्याचा विधी तर मुळातून वाचण्याजोगा. भाकर ‘नित्य’ समोर असावी अशी आज्ञा; मग जुनी उचलून नवी ठेवीपर्यंत मेज रिकामे राहील, त्याचे काय? म्हणून एका बाजूचे याजक जुनी भाकर चार बोटे ओढीत आणि समोरचे नवी तेवढीच पुढे सरकवीत. रब्बी योसे म्हणतात, एवढी धडपड नको. आधी सगळी काढून मग नवी मांडली तरी ते नित्यच. या एका मतावरून रब्बी अम्मी यांनी निष्कर्ष काढला की सकाळी एक अध्याय आणि संध्याकाळी एक अध्याय वाचणाऱ्यानेही अखंड अध्ययनाची आज्ञा पाळली. दिवसभर खर्डेघाशी करून परमुलखात राहणाऱ्या आम्हां नोकरदारांची एवढी कदर केलेला दुसरा शास्त्रार्थ मला तरी ठाऊक नाही. शब्दांच्या किसातून हे निघते!

परंतु माझा खरा वाद पुढेच आहे. ही भाकर भाजण्याची विद्या गार्मू नावाच्या एका घराण्याकडे होती आणि ती ते कोणास शिकवीत नसत. मिश्नेने त्यांचे नाव निंद्यांच्या यादीत घातले. तालमूदातील ‘योमा’ प्रकरणात सविस्तर हकीकत आहे. पंडितांनी अलेक्झांड्रियाहून कारागीर आणले. त्यांना भाकर भाजता येई, पण भट्टीतून धड उतरवता येईना, आणि तिला बुरशी धरे. अखेर गार्मूंना परत बोलवावे लागले. ते आले, परंतु वेतन दुप्पट करून घेऊन. बारा माने होते ते चोवीस झाले. का शिकवीत नाही असे विचारता उत्तर मिळाले: हे मंदिर पडणार हे आमच्या घराण्याला ठाऊक आहे, नालायक माणूस ही विद्या शिकून मूर्तिपूजेत वापरील.

या उत्तरावर भाळणारे वाचक पुष्कळ आहेत. शिवाय त्यांच्या मुलांच्या हाती कधी सपिठाची भाकर दिसली नाही, कोणी पवित्र भाकरीचा संशय घेऊ नये म्हणून, ही स्तुतीही तालमूदातच आहे. मी ती खरी मानतो. पण निःस्पृहता हा एक गुण आणि विद्या दडपणे हा दुसरा दोष. पहिल्याने दुसरा धुऊन निघत नाही. सरकारी टाचणीही घरी न नेणारा, पण फायलींची रीत कोणालाही न सांगता निवृत्त होणारा सद्गृहस्थ कोणत्या कचेरीत नसतो? आणि मंदिर पडणार हे खरोखर ठाऊक होते, तर विद्या देण्याचे याहून मोठे कारण कोणते? फळ पाहा: तिसऱ्या शतकात रब्बी हनीना भाकरीचा आकार उघड्या पेटीसारखा म्हणतात, तर रब्बी योहानान डोलणाऱ्या नावेसारखा. ज्यांनी सांगायचे ते गप्प राहिले म्हणून इतरांना तर्क करीत बसावे लागले, असे मी समजतो. आणि हसू येते ते मात्र तर्क करणाऱ्यांचे!

उलट मैमोनिदीस पाहा. बाराव्या शतकातील या तत्त्ववेत्त्याने आपल्या धर्मसंहितेत या भाकरीची मापे काटेकोर नोंदवली, आणि मेजाचे व भाकरीचे प्रयोजन आपल्याला सापडलेले नाही, हे दुसऱ्या ग्रंथात स्वच्छ सांगून टाकले. प्रयोजन कळले नाही म्हणून रीत लिहायची थांबवली नाही.

धुपाची विद्या दडवणारे अवतिनास घराणेही त्याच निंद्यांच्या यादीत होते. पुढे त्या घराण्यातील एक म्हातारा योहानान बेन नूरी यांना भेटला. त्याच्या हाती सुगंधी द्रव्यांची गुंडाळी होती, ती त्याने त्यांना देऊन टाकली. हे ऐकताच रब्बी अकिवा म्हणाले, यापुढे त्यांची निंदा करणे योग्य नव्हे. निंदा थांबली ती गुंडाळी हाती आल्यावर. गार्मूंकडून असा कोणी म्हातारा आल्याचे त्या कथेत नाही.