शेअर घसरतो आधी, बातमी येते नंतर

नागोठणे : शेअरबाजार हा शब्द या गावाला नवा नाही. येथील पेट्रोकेमिकल प्रकल्प ज्या आयपीसीएलचा होता, तिचा २६ टक्के हिस्सा केंद्र सरकारने २००२ मध्ये रिलायन्स समूहाला २३१ रुपये प्रतिशेअर भावाने विकला. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याच कंपनीचे शेअर सामान्य जनतेला १७० रुपयांना देऊ केले गेले. २००७ मध्ये कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली आणि आयपीसीएलच्या पाच शेअरमागे रिलायन्सचा एक शेअर हाती आला. या साऱ्या उलाढालीत स्थानिक गुंतवणूकदाराची एक सोय होती. कारखाना चालू आहे की बंद, हे गावाला दिसत होते.

जैवतंत्रज्ञान आणि औषधनिर्मितीच्या शेअरमध्ये ही सोय नसते. तेथे कंपनीचे भवितव्य हजारो मैलांवरच्या नियामकाच्या कागदावर ठरते, आणि छोट्या गुंतवणूकदाराची खरी चिंता तीच असायला हवी. भाव किती पडला, हा प्रश्न दुय्यम आहे.

वोखार्टचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २००३ मध्ये मानवी इन्शुलिन बाजारात आणून या कंपनीने जैवतंत्रज्ञानात नाव मिळवले. पुढे परकीय चलनाच्या व्यवहारांतील तोट्याने ती कर्जात बुडाली आणि २००९ मध्ये शेअर शंभर रुपयांच्याही खाली गेला. त्यातून सावरत २०१३ च्या मार्चमध्ये त्याने दोन हजारांचा टप्पा ओलांडला. साहजिकच, उशिरा जागे झालेले छोटे गुंतवणूकदार याच उंचीवर आत शिरण्याचा धोका सर्वाधिक होता.

त्याच मार्च महिन्यात अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाचे निरीक्षक औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) वाळूज येथील कारखान्यात आले होते. मेमध्ये तेथील उत्पादनांच्या अमेरिकेतील आयातीवर निर्बंध आले. जुलैमध्ये ब्रिटनच्या नियामकाने खबरदारी म्हणून वाळूजची काही औषधे परत मागवली. त्याच महिन्यातील अमेरिकी इशारापत्रात कचऱ्यात सापडलेल्या फाटक्या उत्पादन-नोंदींचा उल्लेख होता. नोव्हेंबरमध्ये चिकलठाणा येथील कारखान्यावरही आयातबंदी आली. मार्चमध्ये दोन हजारांवर असलेला भाव ऑगस्टपर्यंत त्याच्या चौथाईच्या आसपास आला होता.

पाहणी मार्चमध्ये, निर्बंध मेमध्ये. मधल्या दोन महिन्यांत निरीक्षकांच्या आक्षेपांचे गांभीर्य कोणाला उमगले होते? तज्ज्ञ नेमणाऱ्या मोठ्या संस्थांना अशा आक्षेपांचा अर्थ लावता येतो. घरबसल्या डीमॅट खाते चालवणाऱ्याला मात्र फक्त घसरता भाव दिसतो आणि तो ‘स्वस्त झाला’ म्हणून आणखी शेअर घेतो. सरासरी भाव खाली आणण्याचा हा मोह भल्याभल्यांना आवरत नाही! पण सिमेंट किंवा पोलादाच्या मंदीत जे गणित जमते, ते येथे जमतेच असे नाही. मंदी सरते. नियामकाचा गेलेला विश्वास परत मिळवायला मात्र अनेक वर्षे लागतात, आणि तोवर निर्यातीचा महसूल आटतो.

नियम त्यानंतर कडक झाले, हे नोंदवायला हवे. ‘सेबी’ची सूचिबद्धतेविषयीची नियमावली डिसेंबर २०१५ पासून लागू झाली. २०२३ च्या दुरुस्तीनुसार कंपनीच्या आत घडलेली महत्त्वाची घटना १२ तासांत आणि बाहेरून उद्भवलेली २४ तासांत शेअरबाजाराला कळवावी लागते. मात्र ही निवेदने इंग्रजीत, तांत्रिक परिभाषेत असतात. ‘निरीक्षणे प्राप्त झाली असून विहित मुदतीत उत्तर दिले जाईल’ अशा थाटाच्या वाक्यातून आक्षेप स्वच्छतेचा आहे की नोंदींच्या खरेपणाचा, हे सामान्य वाचकाला कळत नाही. पहिला दोष दुरुस्त होऊ शकतो. दुसऱ्यात कंपनीच्या प्रत्येक आकड्यावर संशय येतो.

वोखार्टने पुढे नव्या प्रतिजैविकांच्या संशोधनावर भर दिला, तिचे ‘एमरॉक’ हे औषध २०२० मध्ये भारतात मंजूर झाले. ज्या अमेरिकी जेनेरिक बाजारपेठेपायी २०१३ चा सारा अनर्थ ओढवला, तेथून बाहेर पडण्याचा निर्णय कंपनीने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला.